मोटार तापते ती का? वाइंडिंगला नेण्यापूर्वी पाहावयाच्या गोष्टी

(ऊस विकास विभागाकडून)



उन्हाळा लागला की आमच्या गट कार्यालयांत बेणे आणि खते यांच्याइतकीच विचारणा मोटारींची होते. "मोटार तापतीय", "रिले पडतोय", "परवाच भरून आणली अन् पुन्हा जळाली," अशा तक्रारी रोज येतात. मोटारीचे काम ऊस विकास विभागाचे नव्हे, हे खरे. पण पाण्याची पाळी चुकली की ऊस आमच्याच विभागाचा वाळतो. म्हणून या अंकात खतांचा विषय बाजूला ठेवून मोटारीचा धडा घेत आहोत.

प्रथम नुकसानीचा हिशोब पाहू. एक एकर उसाला ८ सेंटीमीटर खोलीची एक पाळी द्यावयाची म्हणजे सुमारे सव्वातीन लाख लिटर पाणी लागते. पंप सेकंदाला १० लिटर पाणी देत असेल तर तासाला ३६ हजार लिटर होतात, म्हणजे एकराला नऊ तास. चार एकर ऊस असलेल्या सभासदाला, आठ तास लाईट धरली तर, एक फेरा पुरा करावयास साडेचार दिवस लागतात. उन्हाळ्यात पाळी आठ ते दहा दिवसांनी यावयास हवी. अशा वेळी मोटार जळाली आणि वाइंडिंगच्या दुकानात सहा दिवस नंबर लागला, तर शेवटच्या सरीला पंधरा-सोळा दिवसांनी पाणी मिळते. एप्रिल-मे महिन्यांत सुरू उसाचे फुटवे ठरत असतात आणि आडसाली ऊस जोमाने वाढत असतो. त्या वेळी बसलेला ताण मागाहून कितीही पाणी दिले तरी भरून येत नाही. कांड्या आखूड पडतात आणि ते वजन काट्यावर कमी भरते.

२०२४ साली राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिलात माफी दिली. पण वीज माफ झाली म्हणून वाइंडिंग माफ होत नाही. ते ज्याचे त्याच्याच खिशातून जाते.

या धड्याचे सार आधीच सांगून टाकतो. मोटार स्वतःच्या दोषाने क्वचितच जळते. बहुतेक वेळा तिला जाळणारे कारण एकतर तारेतून येते, नाहीतर पंपाकडून येते. ते कारण तसेच ठेवून नुसते वाइंडिंग भरून आणले तर नवी तारही जुन्याच वाटेने जाते. म्हणून मोटार सोडण्यापूर्वी कारण शोधावे.

आधी सुरक्षितता

पुढे सांगितलेली कोणतीही तपासणी करताना आधी मेन स्विच बंद करावा, फ्यूज काढून खिशात ठेवावेत आणि टेस्टरने खात्री करावी. ओले हात आणि अनवाणी पाय घेऊन स्टार्टरच्या पेटीला हात लावू नये. मोटारीला व पेटीला अर्थिंग आहे ना, हे दर हंगामाला वायरमनकडून पाहून घ्यावे. चालू लाईनवर मोजमाप करावयाचे असेल तर ते वायरमननेच करावे. जळालेली मोटार भरून मिळते, माणूस मिळत नाही.

तापलेली म्हणजे किती तापलेली?

पुष्कळ सभासद मोटारीवर हात ठेवतात आणि चटका बसला की "जळायला लागली" म्हणून बंद करतात. ही परीक्षा फसवी आहे. माणसाच्या हाताला ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या पुढे धरवत नाही. पण मे महिन्याच्या उन्हात पूर्ण भारावर चालणारी चांगली मोटारसुद्धा बाहेरून ६५-७० अंशांपर्यंत जाऊ शकते. पाटीवर 'इन्सुलेशन क्लास बी' असेल तर आतील वाइंडिंगची मर्यादा १३० अंश असते, 'क्लास एफ' असेल तर १५५ अंश.

मग काळजी केव्हा करावी? मोटार नेहमीपेक्षा जास्त तापू लागली, रोगणाचा करपट वास आला, आवाज बदलला किंवा रिले वारंवार पडू लागला की समजावे, काहीतरी बिघडले आहे. मर्यादेच्या वर दर दहा अंशांना वाइंडिंगच्या इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. म्हणजे आज जळाली नाही तरी तिचे दिवस भरत चाललेले असतात.

हातापेक्षा खरे सांगणारे साधन म्हणजे अँपियर. मोटारीच्या पाटीवर पूर्ण भाराचा करंट लिहिलेला असतो. पाटी पुसली गेली असेल तर ४१५ व्होल्टच्या थ्री फेज मोटारीसाठी अश्वशक्तीला दीड अँपियर असा अंदाज धरावा:

३ अश्वशक्ती : सुमारे ५ अँपियर
५ अश्वशक्ती : सुमारे ७.५ अँपियर
७.५ अश्वशक्ती : सुमारे ११ अँपियर
१० अश्वशक्ती : सुमारे १५ अँपियर

सबमर्सिबल मोटारीचा करंट याहून थोडा जास्त असतो. वायरमनकडे तार न तोडता करंट मोजणारा चिमट्याचा मीटर असतो. त्याने तिन्ही फेजचा करंट मोजून घ्यावा व आकडे पेटीच्या झाकणावर आतून खडूने नव्हे, रंगाने लिहून ठेवावेत. मोटार ठीक असतानाचे आकडे हाताशी असले की बिघाड झाल्यावर अर्धे काम सोपे होते. वाइंडिंगमधील उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, हे ध्यानात असावे. करंट वीस टक्के वाढला तर त्या तारेतील उष्णता वीस नव्हे, चव्वेचाळीस टक्के वाढते.

पहिले कारण : तारेतून येणारे

कमी व्होल्टेज. पंपाला जेवढे काम करावयाचे तेवढे तो करतोच. व्होल्टेज कमी झाले की मोटार तेच काम जास्त करंट ओढून करते. शिवाय सुरू होण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. व्होल्टेज ऐंशी टक्के आले तर ताकद चौसष्ट टक्केच उरते. मोटार घुंई करते, उचलत नाही आणि तेवढ्यात तापते.

व्होल्टेज कमी म्हटले की आपण डीपीकडे बोट दाखवितो. पण पुष्कळदा चोरी आपल्याच केबलमध्ये असते. मीटरपासून विहीर ३०० मीटर लांब, मोटार साडेसात अश्वशक्तीची आणि केबल ४ चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियमची असेल, तर वाटेतच सुमारे ३५ व्होल्ट खर्ची पडतात. तीच केबल १० चौरस मिलिमीटरची असेल तर सुमारे १४ व्होल्टच जातात. मीटरपाशी आणि मोटारीपाशी, मोटार चालू असताना, दोन्हीकडे व्होल्टेज मोजले की चोर सापडतो. ढिले सांधे आणि पिळून जोडलेल्या तारा हेही असेच व्होल्टेज खातात. सांध्याला बोटभर काळेपणा दिसला तर तो सांधा तापतो आहे असे समजावे.

एक फेज जाणे. डीपीवरचा एक फ्यूज उडाला तर चालू असलेली मोटार थांबत नाही. ती दोन फेजवर घरघर करीत चालत राहते. उरलेल्या दोन तारांत करंट साधारण पावणेदोन पट होतो आणि थोड्याच वेळात वाइंडिंग जाते. जळालेली मोटार उघडल्यावर काही गट काळेठिक्कर आणि काही गट जसेच्या तसे दिसले, तर मोटार एक फेज गेल्याने जळाली असे वाइंडिंगवाला सांगू शकतो. सभासदांनी त्याला हे आवर्जून विचारावे. यावर उपाय सिंगल फेज प्रिव्हेंटर. तो एका वाइंडिंगच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतो.

येथे कंडेन्सरविषयी होणारा घोटाळा दूर केला पाहिजे. पंपाला कंडेन्सर दोन कारणांनी लावतात. एक, मोटारीच्या बरोबरीने जोडलेला योग्य क्षमतेचा कपॅसिटर, पाच अश्वशक्तीला साधारण २ केव्हीएआर आणि साडेसातला ३ केव्हीएआर. तो लाईनवरचा करंट कमी करतो, व्होल्टेज थोडे सुधारते आणि डीपीवरचा बोजा हलका होतो. हा चांगला. दुसरा, दोन फेज असताना तिसरी फेज भासविण्यासाठी लावलेला जुगाड. याने मोटार फिरते, पण तिन्ही वाइंडिंगवर भार सारखा पडत नाही व ती तापते. नाव एकच असले तरी पहिला औषध आहे आणि दुसरा विष.

फेजमधील असमतोल. तिन्ही फेज आहेत, पण व्होल्टेज सारखे नाही, असेही होते. व्होल्टेजमध्ये जेवढे टक्के फरक, त्याच्या सहा ते दहा पट टक्के फरक करंटमध्ये पडू शकतो. समजा करंट ७, ७.५ आणि ९.५ अँपियर आले. सरासरी ८ झाली, सर्वांत जास्त फरक दीड अँपियरचा, म्हणजे एकोणीस टक्के. दहा टक्क्यांपुढे गेले की शोध घ्यावा. दोष लाईनचा की मोटारीचा हे ओळखण्याची सोपी युक्ती आहे. लाईट बंद करून वायरमनने तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवून जोडाव्यात, म्हणजे मोटार उलटी फिरत नाही. पुन्हा करंट मोजावा. जास्त करंट त्याच लाईनच्या तारेत राहिला तर दोष पुरवठ्यात. मोटारीच्या टोकाबरोबर सरकला तर दोष मोटारीत. ही पाच मिनिटांची तपासणी न करता मोटार खोलून नेणे म्हणजे ताप कशाचा ते न पाहता रोग्याला शस्त्रक्रियेला नेण्यासारखे आहे.

रिले आणि फ्यूज. रिले पडतो म्हणून त्याचा आकडा वाढविणे किंवा त्याला काडी लावून ठेवणे, आणि फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार घालणे, हे आम्ही गटोगट पाहतो. रिले हा राखणदार आहे. तो ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधले तर चोर मोकळा सुटतो. साध्या स्टार्टरमध्ये रिले पाटीवरील करंटइतका लावावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये तो बहुधा वाइंडिंगच्या वाटेवर असतो. तेथे पाटीवरील आकड्याच्या ०.५८ पट धरावे, म्हणजे १५ अँपियरच्या मोटारीला सुमारे पावणेनऊ. खात्री वायरमनकडून करून घ्यावी. स्टार-डेल्टा स्टार्टर डेल्टावर न जाता स्टारवरच अडकून राहिला तरी भाराखाली मोटार तापते, तेही पाहावे.

ऑटोस्विच. रात्रपाळीला लाईट येते, अंधारात विंचूकाट्याचे भय असते, म्हणून सभासद ऑटोस्विच लावतात. यात त्यांना दोष देता येत नाही. पण लाईट आली की त्या डीपीवरच्या सर्व मोटारी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना प्रत्येक मोटार पूर्ण भाराच्या सुमारे सहा पट करंट ओढते. व्होल्टेज कोसळते, कोणाचीच मोटार नीट उचलत नाही, सगळ्या तापतात आणि शेवटी डीपी जातो. मग आठ दिवस कोणालाच पाणी नाही. ऑटोस्विच ठेवावयाचाच असेल तर त्याबरोबर टायमर लावावा आणि एका डीपीवरील सभासदांनी आपापसांत ठरवून वेळा पुढे-मागे ठेवाव्यात. एकाची दोन मिनिटांनी, दुसऱ्याची चार मिनिटांनी, तिसऱ्याची सहा मिनिटांनी. आपण कारखाना सहकाराने उभा केला, मग डीपी सहकाराने सांभाळणे अवघड नाही.

दुसरे कारण : पंपाकडून येणारे

येथे एक समजूत बदलावयास हवी. व्हॉल्व्ह थोडा दाबला की मोटारीवर लोड येतो, असे सर्वजण मानतात. आपल्याकडील नेहमीच्या सेंट्रिफ्यूगल पंपाचे उलट असते. पाणी जितके जास्त बाहेर पडेल तितका मोटारीवरचा भार जास्त. म्हणूनच पावसाळ्यानंतर विहीर तोंडापर्यंत भरली किंवा नदीला पाणी चढले की उपसा कमी उंचीचा होतो, पंप भरमसाट पाणी फेकतो आणि मोटार तापते. "पाणी तर झकास पडतंय, मग मोटार का तापतीय?" याचे उत्तर हेच. अशा वेळी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू दाबावा व करंट पाटीच्या आकड्याखाली आणावा. पूर्ण बंद करून मात्र चालवू नये. पंपातले पाणीच उकळायला लागते. गरजेपेक्षा जास्त हेडचा पंप घेणाऱ्यांना हा त्रास बारमाही होतो. पंप घेताना उंची मोजून घ्यावी, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये.

याशिवाय पुढील गोष्टी पाहाव्यात:

१. ग्लँड फार आवळू नये. त्यातून पाण्याचे थेंब ठिबकत राहिले पाहिजेत. कोरडी ग्लँड दांड्याला ब्रेक लावते.

२. लाईट बंद असताना दांडा हाताने फिरवून पाहावा. सहज फिरला पाहिजे. अडकत असेल तर इंपेलरमध्ये काडीकचरा, वाकलेला दांडा किंवा गेलेली बेअरिंग असू शकते.

३. कपलिंग एका रेषेत आहे काय, पट्ट्याचा पंप असल्यास पट्टा फार ताणलेला नाही ना, हे पाहावे.

४. बेअरिंगला ग्रीस कमी पडले तरी ती तापते आणि ठासून भरले तरी तापते. निम्म्याच्या आसपास जागा मोकळी राहू द्यावी.

५. सबमर्सिबल मोटारीला थंड ठेवते ते तिच्या अंगावरून वाहणारे पाणी. ती गाळात रुतली, पाणी खाली गेले किंवा ठिबकचे बहुतेक व्हॉल्व्ह बंद ठेवून अगदी थोडे पाणी ओढले, तर ती आतल्या आत शिजते. तळापासून अंतर ठेवावे आणि पाणी तुटताच बंद करणारा ड्राय रन प्रिव्हेंटर लावावा.

तिसरे कारण : मोटारीपाशीच असलेले

उन्हापासून बचाव म्हणून मोटारीवर गोणपाट टाकणे ही सर्वांत जुनी खोड आहे. मोटारीच्या मागच्या पंख्याने ओढलेला वारा तिच्या अंगावरील पन्हाळींतून वाहतो, त्यानेच ती थंड राहते. गोणपाटाने तो वारा कोंडतो. सावली हवी तर चार खांबांवर पत्रा टाकावा, चारी बाजू मोकळ्या ठेवाव्यात. पंख्याच्या जाळीत पाचट, कोळिष्टके किंवा गांधीलमाशीचे घर नाही ना, हे महिन्यातून एकदा पाहावे. पन्हाळींत साचलेला तेलकट चिखल कोरड्या फडक्याने पुसावा, पाणी मारू नये.

एकदा भरलेल्या मोटारीची तार मूळ जाडीची व मूळ आट्यांची आहे ना, हे दुकानदाराकडून लिहून घ्यावे. तार बारीक पडली की मोटार त्याच भाराला जास्त तापते. लाईट ये-जा करीत असेल तर मोटार लागोपाठ सुरू करू नये. दोन सुरुवातींत दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत.

शहरातल्या पंपालाही हेच नियम

आपल्या अनेक सभासदांची मुले नोकरीनिमित्त ठाणे-कल्याण भागात आहेत. तिकडे जाऊन आलेले सभासद सोसायटीच्या पंपाविषयीही विचारतात. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, रेल्वे आणि खाडी यांच्यामध्ये असलेल्या कोपरीसारख्या दाट वस्तीत पाणी ठरावीक वेळी खालच्या टाकीत येते आणि मोनोब्लॉक पंपाने गच्चीवर चढविले जाते. तेथे उपसा ठरलेला असतो, पण मोटार जिन्याखालच्या कोंदट खोलीत, दार लावून ठेवलेली असते. तिच्याच उष्णतेने खोली तापते आणि मग ती खोली मोटारीला तापविते. खाडीकाठच्या दमट, खारट हवेने टोकांवर गंज चढतो व सांधे तापतात. खोलीला वरून-खालून झरोका ठेवावा आणि सांधे दर पावसाळ्यानंतर साफ करावेत.

मोठ्या संकुलांतील तरणतलावाचा पंप हाही शेवटी मोनोब्लॉकच. तो पाणी गाळण्यासाठी रोज कित्येक तास सलग चालतो. त्याच्या सक्शनच्या बाजूची जाळी पाने-केसांनी तुंबली की पाणी तुटते, पंप कोरडा फिरतो, सील तापून गळू लागते आणि तेच पाणी मोटारीत शिरते. ती मोटार सिंगल फेजची असेल व नुसती घुंई करून थांबत असेल तर आधी तिचा कंडेन्सर तपासावा. तो बदलण्याचा खर्च नव्या मोटारीपुढे किरकोळ आहे.

सभासदांनी एवढे करावे

मोटार तापली की हा क्रम ठेवावा. लाईट बंद करून थंड होऊ द्यावी. वास आणि आवाज आठवून लिहून ठेवावा. दांडा हाताने फिरवावा. पंख्याची जाळी पाहावी. मग वायरमनकडून तिन्ही फेजचे व्होल्टेज आणि करंट मोजून घ्यावेत. व्होल्टेज कमी असेल तर केबल आणि डीपी, करंटचा फरक जास्त असेल तर तारा सरकवून परीक्षा, तिन्ही करंट सारखे पण जास्त असतील तर पंप व व्हॉल्व्ह. एवढे झाल्यावरच वाइंडिंगचे नाव काढावे.

हे सर्व मार्चपूर्वी, मोटार चालू स्थितीत असताना करून घेणे शहाणपणाचे. एका डीपीवरील सर्व सभासदांनी एकाच दिवशी वायरमनला बोलावून मोजणी करून घेतली तर खर्च वाटून जाईल आणि ऑटोस्विचच्या वेळाही त्याच बैठकीत ठरतील. मोजलेले आकडे आपल्या गटाच्या चिटबॉयकडे दिल्यास आम्ही ते ऊस नोंदीच्या वहीत आपल्या नावापुढे टिपून ठेवू. पुढच्या उन्हाळ्यात तुलना करावयास ते उपयोगी पडतील.

कळावे.